ताराक्काचं मिठाचं माप

शेवेच्या डब्याच्या तळाला चुरा साठतो बघा. विकायला काढावा तर गिऱ्हाईक नाक मुरडतं, टाकून द्यावा तर जीव होत नाही. मग आम्ही बायकाच चहाबरोबर चिमूट चिमूट खातो, आणि खरं सांगू का, सगळी चव त्यातच उतरलेली असते. आमच्या भट्टीवरचे किस्से असेच तळाला साठलेत. मी चौथीपर्यंत शिकलेली. लिहिण्यात चुकलं तर चुकलं, मला कुणी परीक्षेला बसवलेलं नाही. पण जे लिहिते ते कढईसमोर बसून ह्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

भट्टी पलूसची. मालकीण ताराक्का. हाताखाली आम्ही दोघी, मी आणि हौसाकाकू. माल तीनच, भडंग, शेव आणि चिवडा. बाजारदिवशी पेठेत पाल ठोकायचं, एरवी भट्टीच्या ओसरीवर विकायचं. ताराक्काचे मालक मिल्टरीतनं पेन्शनीत आलेले सुभेदार. थोडा ऊस होता, तो भावकी बघायची. सुभेदार ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे आणि सकाळ-संध्याकाळ भडंगाचा एकेक पुडा फस्त करायचे.

दुसरी मोठी लढाई संपून वर्षभर झालं असेल, सुभेदारांचे पाय सुजायला लागले. चार पायऱ्या चढले की धाप. ताराक्का त्यांना सांगलीला डॉक्टरांकडे घेऊन गेली, सोबतीला मला नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला, तरी खळगा तसाच. मळलेल्या कणकेवर बोट उमटावं तसा.

डॉक्टर म्हणाले, "सुभेदार, काळीज थकलंय तुमचं. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. मीठ तोडलं नाहीत तर सहा महिन्यांपलीकडचं मी काही सांगू शकत नाही."

सुभेदार मिशीवर हात फिरवत म्हणाले, "डाक्टरसाहेब, तीन मुलखांत गोळ्या चुकवल्या. अळणी खाऊन मरायचं आसंल तर खारट खाऊन मरतो." आणि उठून बाहेर गेले.

ताराक्का मागे थांबली. रडली-बिडली नाही. सुधारतंय का बिघडतंय हे घरी कसं ओळखायचं, एवढंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, असाच अंगठा दाबा आणि खळगा भरेपर्यंत आकडे मोजा, आकडा उतरत गेला तर समजा बरं चाललंय. तिनं दुसऱ्या दिवशी पाय चेपायच्या निमित्तानं मोजलं. वीस.

घरी तिनं अळणी आमटी केली. सुभेदारांनी एक घास खाल्ला, ताट सारलं आणि तडक ओसरीवर येऊन भडंगाचा पुडा बांधून घेतला. वर बायकोला सुनावलं, "घरात तू मला फसवशील. पर गिऱ्हाइकाला अळणी चारून धंदा बुडवायची न्हाईस. आजपासनं गिऱ्हाईक खाईल त्याच परातीतलं मी खानार."

बायको मुलखाची हुशार, तर नवराही काही कमी नव्हता. आमची दोघींची तर बोटं तोंडात गेली. ताराक्का चुलीत लाकूड सारत म्हणाली, "मग समद्या पलूसलाच पथ्य. गिऱ्हाइकाला कळलं तर धंदा जाईल, आन त्यास्नी कळलं तर ते जातील. दोगांस्नी बी कळता कामा नये."

*

पहिलं मीठ कमी झालं ते कुणाच्या अकलेनं नाही, आमच्याच मूर्खपणानं.

आमच्याकडे मीठ कुणी कुणाच्या हातावर देत नाही. दिलं की भांडण होतं म्हणतात. त्यामुळे भट्टीवर मिठाची बरणी मधोमध असायची, लागेल तिनं आपल्या हातानं घ्यायचं आणि त्यावर बोलायचं नाही. त्या दिवशी ताराक्का परातीपुढे बसून नुसती बघत राहिली. हौसाकाकूनं फोडणीत मीठ घातलं. मी चुरमुरे परतताना घातलं. शेवटी कालवताना तिचा स्वतःचाच हात बरणीत गेला, तो तिनं तिथंच धरला.

"तू घातलंस?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, एवढंसं. काकूही म्हणाली, एवढंसं.

किती वर्षं एकाच परातीत तीन हातांचं मीठ पडत होतं, आणि भांडण नको म्हणून कुणी कुणाला विचारलं नव्हतं. ताराक्कानं बरणी उचलून आपल्या पाठीमागे ठेवली. "आजपासनं एकच हात. भांडान झालं तर झालं."

त्या बाजाराला एकाही गिऱ्हाइकाला फरक कळला नाही.

*

मग ताराक्काला जोर चढला आणि पुढच्याच बाजाराला तिनं राहिलेलं मीठ एकदम निम्म्यावर आणलं. फजिती झाली. पहिल्याच हमालानं मूठभर भडंग तोंडात टाकलं आणि म्हणाला, "आक्का, आज उपास हाय व्हय?"

सुभेदारांनी एक घास खाल्ला, पुडा खाली ठेवला, काठी उचलली आणि पेठ ओलांडून समोरच्या बाबू शेववाल्याच्या पालावर जाऊन बसले. बाबूची शेव म्हणजे निव्वळ मीठ, बेसन चवीपुरतं. आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी पावशेर खाल्ली. दुसऱ्या दिवशी पायांत वहाणा जाईनात. ताराक्कानं अंगठा दाबला, पंचविसापर्यंत मोजलं आणि मोजायचं सोडून दिलं.

दुपारी ती मला म्हणाली, "उतारावर बैल सोडला मी. एकेक पाऊल उतराय पायजे." पण अडचण अशी की तिचा हात वीस वर्षं एकाच पितळी वाटीला सरावलेला. वाटी अर्धी भरली की हात ऐकेना, आपोआप परत बरणीत जाई. म्हणून तिनं वाटीच्या तळाला चिंचोके टाकले. वर काठोकाठ मीठ. बघणाऱ्याला वाटी भरलेली, हातालाही भरलेली. दर पंधरवड्याला दोन चिंचोके वाढायचे. हाताला फसवणारी बाई मी तेवढीच पाहिली.

*

आता चिंचोके सुटेच होते. एकदा गर्दीत वाटी पालथी केली आणि मिठाबरोबर सगळे परातीत. आम्ही वेचले, पण एक राहिला, आणि तो नेमका सुभेदारांच्या दाढेखाली. कट्कन आवाज झाला. सुभेदारांनी तो बोटांवर काढला, उन्हात धरला, बंदुकीची गोळी तपासावी तसा फिरवून बघितला.

"अगं, भडंगात चिंचोका कसा?"

ताराक्कानं कढईवरची नजरही हलवली नाही. "चिंचंचं पानी शिपडलंय ह्या बारीला. चव आली का न्हाई?"

सुभेदार जरा वेळ चघळत राहिले. "आलीया." वर हुकूम सोडला की उद्यापासनं रोज चिंच घाल.

झाली का पंचाईत! चिंचेचं पाणी शिंपडलं तर चुरमुरे सादळून चामड्यासारखे. चार दिवस ताराक्का डबे धुंडाळत होती. मग तिला माळ्यावरची आंबोशी आठवली. वाळवलेल्या कैरीच्या फोडी त्या, आम्ही आमटीत घालतो. तिनं त्या कुटून पूड केली आणि परातीत भुरभुरली. मी चाखलं आणि म्हटलं, आक्का, आज मीठ जास्त पडलं. ती हसली. त्या दिवशी वाटीत नेहमीपेक्षा चार चिंचोके जास्त होते. आंबट असलं की जीभ मीठ मागत नाही, हे आम्हाला सुभेदारांच्या दाढेनं शिकवलं. चिंचोके तेवढे मेणानं चिकटवून टाकले.

*

शेवेची गोष्ट वेगळी. शेवेच्या पिठात मीठ घालायची रीत. ताराक्का म्हणाली, पिठात कालवलेलं मीठ निम्मं जिभेला न लागताच पोटात जातं. "मीठ जिभंला कळाय पायजे. पोटाला कळून काय उपेग?" म्हणून पीठ अळणी भिजवायचं आणि शेव कढईतनं काढली की गरम गरम असतानाच वरनं मीठ भुरभुरायचं.

पण जाडं मीठ शेवेवर ठरेना, घरंगळून खाली. मग तव्यावर भाजलं, खलात कुटलं, आता वस्त्रगाळ करायला कापड पाहिजे. तलम कापड आख्ख्या घरात एकच, सुभेदारांचा फेटा. ताराक्कानं शेवटाचा हातभर तुकडा कापला. मैद्यासारखं मीठ पडलं. शेवेला नुसतं त्याचं वारं लागलं तरी जीभ खारट व्हायची.

बाजारदिवशी सुभेदार फेटा बांधायला लागले, तो एक वेढा कमी. पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. "ह्यो आखूड कसा झाला?" ताराक्का म्हणाली, उंदरानं कुरतडला. सुभेदारांनी कापलेला काठ बघितला, सरळ रेघेत. म्हणाले, "उंदीर मिल्टरीतला दिसतोय."

त्यांनी उंदरासाठी पिंजरा आणला आणि पुढचे तीन आठवडे रोज सकाळी काठी टेकत तो तपासला. पिंजऱ्यात खायला काय, तर भट्टीवरची शेव. उंदीर कधी सापडला नाही. पिंजऱ्यातली शेव मात्र सुभेदार रोज बदलून ताजी घालायचे, शिळी कशाला म्हणून.

पायाचा आकडा बारावर आला होता.

*

भडभुंज्याचा किस्सा दोन ओळींचा. चुरमुऱ्याचे तांदूळ तो मिठाच्या पाण्यात घोळवून भाजायचा, आणि मिठाबिगर चुरमुरा फुलत नाही म्हणून हटून बसला. ताराक्का म्हणाली, मीठ घाल, पर निम्मं घाल, न्हाई फुललं तर समदे चुरमुरे माझ्या गळ्यात बांध. आणि त्याच्या भट्टीसमोर ठाण मांडून बसली. चुरमुरे जाईच्या फुलासारखे फुलले. भडभुंजा म्हणाला, "ते तुमच्या भ्यानं फुललं, आक्का."

*

आता हौसाकाकू. वयानं आम्हा सगळ्यांत मोठी, आणि माल चाखायचा मान तिचा. ती रोज म्हणायची, मीठ कमी हाय. ताराक्का दोन दिवस ऐकत राहिली, तिसऱ्या दिवशी काकूच्या कमरेची मिशेरीची डबी काढून घेतली. "मीठ कमी न्हाई. तुजी जीभ मेलीया. ह्या तंबाखूनं दात घासून घासून तिला जाळलीस तू."

काकूनं भट्टीवर येणं बंद केलं. दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझा मान गेला, वीस वर्षांचा मान गेला. पण डबी ताराक्काकडे, आणि पलूसात तेव्हा चांगली मिशेरी मिळत नव्हती. काकूला नाइलाजानं मिठाची चिमूट घेऊन दात घासावे लागले. आठवडाभरानं तणतणत आली. मला मिशेरी परत द्या न्हाईतर हिशेब तोडा म्हणाली. ताराक्कानं शेवेची परात पुढे केली. सकाळची वेळ, तोंडात चहासुद्धा नव्हता. काकूनं चार काड्या तोंडात टाकल्या. थांबली. आणखी चार टाकल्या.

"आवं आक्का," काकू हळूच म्हणाली, "खारट झालीया की."

तेव्हापासनं माल सकाळी, रिकाम्या तोंडानं आणि काकूच चाखायची. दिवसभर कढईपुढे खाऊन आमच्या जिभा मरतात, त्या संध्याकाळच्या जिभेवर मिठाचं माप ठरवायचं नाही, हा ताराक्काचा कायदा झाला. त्या आठवड्यात वाटीत आणखी दोन चिंचोके पडले, आणि तेही काकूच्या सांगण्यावरनं.

*

इतकं सगळं केलं, पण एका माणसाला आम्ही फसवू शकलो नाही. आटपाडीकडचा एक म्हातारा मेंढका दरवर्षी मेंढरं घेऊन पलूसला यायचा, इथल्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायचा. जाताना आमच्याकडचं भडंग फडक्यात बांधून न्यायचा. त्या वर्षी नेलं आणि चार दिवसांनी परत आला. ओसरीखाली उकिडवा बसला. सुभेदार नेमके आंघोळीला गेलेले.

म्हणाला, "बाई, भडंगातलं मीठ कुठं गेलं?"

ताराक्काच्या हातातला झारा थांबला. तिनं विचारलं, अळणी लागलं काय? म्हातारा म्हणाला, अळणी न्हाई, झ्याक लागलं. "पर दरसाल मी हितनं निघतो, भडंग खातो, आन पयल्या ओढ्याला पोचायच्या आत जीव पान्यासाठी कासावीस हुतो. औंदा वढा आला, गेला, मला ठावंच न्हाई. आमच्या मुलखात पान्याबिगर कोस मोजत्यात, बाई. मला कळंल."

ताराक्का झारा ठेवून खाली उतरली आणि त्याला सगळं सांगून टाकलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिनं भट्टीबाहेरच्या कुणाला सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, फेटा सारखा केला. मग म्हणाला, मेंढराला मीठ कमी पडलं तर ते दगूड चाटतं, तुझा धनी चाटतोय का बघ. ताराक्का म्हणाली, न्हाई चाटत.

"मग कशाला भितीस," म्हातारा म्हणाला आणि दुप्पट भडंग बांधून घेऊन गेला.

आकडा सहावर होता.

*

पण गाव ते गाव. कुणाच्या तोंडून काय फुटलं देव जाणे, बाबू शेववाल्याच्या कानावर गेलं. माझा संशय हौसाकाकूवर आहे, तिच्या तोंडावरच म्हणते. भर बाजारात बाबू आपल्या पालावर उभा राहून ओरडला, "सुभेदार, डाक्टरनं तुमचं मीठ तोडलं आन आक्कानं समद्या गावाचं तोडलं! बायकू अळणी चारतीया तुमास्नी!"

गिऱ्हाइकांचे हात पुड्यांत थांबले. मी ताराक्काकडे बघितलं, तिचा चेहरा पिठासारखा पांढरा. वीस वर्षांची भट्टी आणि नवरा, दोन्ही एका वाक्यावर टांगलेले.

सुभेदार उठले. काठी न घेता उठले, हे मी तेव्हाच टिपलं. बाबूच्या पालावर गेले, त्याची मूठभर शेव उचलली. परत आले, आमची मूठभर घेतली. मधोमध उभं राहून आधी त्याची खाल्ली, मग आमची. सगळा बाजार त्यांच्या जबड्याकडे बघत होता.

"बाबू," सुभेदार म्हणाले, "तुजी शेव खाल्ली की आदी त्याल लागतं, मग पीठ, आन मीठ घशात गेल्यावर. हिची जिभंवर ठेवली की सलाम ठोकती." आमच्या परातीकडे काठीसारखं बोट केलं. "हिच्यात मीठ जास्त हाय. माझ्या बायकूवर आळ घ्यायच्या आदी जीभ घासून ये."

लोक हसले. बाबूचं काय झालं मला माहीत नाही, मी बघितलंच नाही, कारण आमच्या पालावर झुंबड उडाली. ताराक्का पाठमोरी होऊन पुडे बांधत होती. तीन पुडे उलटे बांधले तिनं.

*

सहा महिने झाले तशी पुन्हा सांगलीला गेलो, आम्ही तिघंच. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, बराच वेळ ऐकत राहिले. मग नडगीवर अंगठा दाबला, उचलला. आकडे मोजायला काही नव्हतंच. पुन्हा दुसऱ्या पायावर दाबला. तसंच.

"वा, सुभेदार," डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं नव्हतं तुम्ही ऐकाल. मीठ सगळं तोडलंत तर."

सुभेदार खुर्चीत ताठ झाले. "एक दिस न्हाई तोडलं. भट्टीवरचं भडंग, शेव, दोन टायम खातो. बाजारात पैज लावून खाल्लीया. इचारा हिला."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ताराक्काकडे बघितलं. ताराक्कानं पिशवीतनं भडंगाचा पुडा काढला आणि टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी थोडं तोंडात टाकलं. चावलं, थांबले. मूठभर घेतलं. मग खिडकीबाहेर बघत तीही संपवली, पुडा गुंडाळून आपल्या खणात ठेवला आणि कागदावर काहीतरी लिहून सुभेदारांच्या हातात दिलं.

"हेच चालू ठेवा. पण ह्याच भट्टीचं. दुसरीकडचा एक दाणा तोंडात घालायचा नाही, काय?"

सुभेदार दवाखान्याच्या पायऱ्या एका दमात उतरले. मोटार-स्टँडवर मोटार यायला अवकाश होता. त्यांनी कागद चार अनोळखी माणसांना दाखवला, डाक्टरनं भडंग लिवून दिलंय म्हणून. पाचव्याला दाखवून आले आणि ताराक्कापुढे उभे राहिले.

"बघितलंस? मीठ तोडा, मीठ तोडा म्हनून सहा म्हैन्यामागं जीव खाल्लास माझा. तुजं ऐकलं आसतं तर आज कुठं आसतो मी?"

माझं तोंड उघडलंच होतं. ताराक्कानं लुगड्याआडून माझ्या पायावर पाय दिला, आणि असा दिला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

"व्हय," ती म्हणाली. "माझं ऐकलं न्हाईसा, ते लय बरं केलंसा."